उरलेले कोणाचे?

निरनिराळ्या देशांच्या ऊर्जावापराचे जे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांत कोळसा, तेल, नैसर्गिक वायू, जलविद्युत हे भारदस्त रकाने संपले म्हणजे अगदी कडेला दोन रकाने बहुधा शेजारी शेजारी आढळतात. एक भूगर्भातील उष्णतेचा आणि दुसरा जैव इंधनाचा. म्हणजे लाकूडफाटा, शेतातील काडीकचरा, गोवऱ्या, उसाचे चिपाड यांचा. दोन्ही निसर्गदत्त आणि दोन्ही पुन्हा भरून येणारी, एवढ्याच साधर्म्यावर त्यांना एका पंक्तीत बसविलेले असते. वास्तविक हा शेजार विजोड आहे. पहिली उष्णता पृथ्वीच्या पोटात आहे आणि तिला अद्याप कोणाचा हात लागलेला नाही. दुसरी मात्र काडी काडी करून कोणीतरी वाकून उचललेली, डोक्यावरून वाहून आणलेली आहे. तक्त्यात हा फरक दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या फरकातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या शिवाराच्या आधाराने आम्ही तो वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

भूगर्भातील उष्णतेचे आधी थोडक्यात सांगून टाकू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात सुमारे ३४० उष्ण झऱ्यांची नोंद केली आहे. वसईच्या वाचकांना वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची कुंडे परिचित आहेत. रत्नागिरीकरांना तुरळ आणि राजापूर. खानदेशात उनपदेव आहे, नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे आणि खुद्द अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील सालबर्डीलाही गरम पाण्याचा झरा आहे. या झऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या माणसे दुखरे सांधे शेकत आली. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर पाच दिवे पेटविले गेले आणि आइसलंडमध्ये आज दहांपैकी नऊ घरे याच उष्णतेने उबदार राहतात. आपल्याकडे मात्र १०,६०० मेगावॉट क्षमतेचा अंदाज वर्षानुवर्षे कागदावर आहे आणि व्यापारी प्रमाणावर वीज अशी नाहीच. २०२१ च्या फेब्रुवारीत लडाखमधील पूगा खोऱ्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने या ऊर्जेसाठी राष्ट्रीय धोरणही जाहीर केले. उद्या तेथे यंत्रे बसली तर तेथलेही न्याय-अन्यायाचे प्रश्न येतील. परंतु आज त्या उष्णतेवर कोणाची भाकरी भाजली जात नाही, म्हणून तिच्यावर कोणाचा हक्क बुडत नाही.

जैव इंधनाचे तसे नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा लाकूड, काड्या आणि शेण यांतून मिळत होती. आज तो वाटा पाव हिश्शाच्या आत आला आहे. या घसरणीला प्रगतीची खूण मानतात आणि ते सर्वस्वी चूक नाही. तथापि वाटा कमी होणे आणि मोळ्या कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९० नंतरच्या दोन दशकांत कोळसा आणि तेल इतक्या वेगाने वाढले की जळणाचा वाटा उतरत गेला. पण लोकसंख्येबरोबर जळणाचे प्रत्यक्ष वजन मात्र वाढतच होते. २०११ च्या जनगणनेत देशातील निम्मी कुटुंबे लाकडावर स्वयंपाक करीत होती. काडीकचरा आणि गोवऱ्या धरल्या तर हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या घरात जात होते. एवढ्या मोठ्या व्यवहाराला शासकीय परिभाषेत नाव होते ‘अव्यापारी ऊर्जा’. जिला किंमत नाही ती ऊर्जा. म्हणजे जिच्यासाठी पैसे मोजले गेले नाहीत ती. श्रम मोजले गेले नाहीत हे त्यात ओघानेच आले.

अंजनगाव सुर्जी हे गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, शहानूर नदीच्या काठी वसलेले जोडगाव. इतिहासाच्या पुस्तकांत ते एका तहामुळे आहे: ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात येथे तह झाला आणि दूरदूरचे मुलूख एका सहीने या हातातून त्या हातात गेले. (ज्यांचे मुलूख ते गेले, त्या रयतेला कोणी विचारले नव्हते; तहांची ती रीतच नव्हे.) कीर्तनातून आणि खराट्यातून महाराष्ट्राला शहाणे करणारे गाडगेबाबा याच तालुक्यातील शेंडगावचे. पानमळे, पानपिंपळी, केळी आणि संत्री यांनी हा भाग बाहेर ओळखला जातो. पण गावाभोवतीच्या काळ्या जमिनीचे खरे पीक म्हणजे कापूस, आणि कापूस निघाल्यावर उभी राहते ती पऱ्हाटी.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की कपाशीच्या झाडाला आणि बोंडे वेचून झाल्यावर उरणाऱ्या वाळक्या खोडालाही येथे पऱ्हाटीच म्हणतात. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी आटोपली, की शेत मोकळे करावे लागते. पऱ्हाटीचे मूळ जमिनीत घट्ट रुतलेले असते. ती लोखंडी चिमट्याने एकेक करून उपटावी लागते आणि हातांची सालटे काढणारे हे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात. अनेक गावांत याचा एक साधा हिशेब चालत आला: जिने शेत मोकळे करून दिले तिने पऱ्हाटी न्यावी. शेतकऱ्याला मजुरी द्यावी लागली नाही, भूमिहीन घराला वर्षाचे जळण मिळाले. फेब्रुवारी-मार्चात अंजनगावच्या आसपास कोणत्याही वस्तीत गेले तर घरामागे, कुडाला लागून पऱ्हाटी-तुराट्यांच्या गंज्या रचलेल्या दिसतात. पावसाळ्याची ती बेगमी असते. एका पैशाचाही व्यवहार नाही म्हणून हा करार कोणत्याही तक्त्यात नाही. पण तो करार आहे आणि दोन्ही बाजूंनी पाळला गेलेला आहे.

या पऱ्हाटीवर भार वाढत गेला त्याचीही कारणे आहेत. उत्तरेकडे मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वन राखणे आवश्यकच, परंतु राखलेल्या वनातून मोळी येत नाही. ट्रॅक्टर आले तसे बैल कमी झाले आणि बैलांबरोबर गोवऱ्याही. पुष्कळ शेतांत कपाशीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनचे कुटार गुरांना होते, चुलीला त्याचा विशेष उपयोग नाही. म्हणजे जंगल, गोठा आणि शेत या तिन्ही वाटांनी येणारे जळण आटत असता पऱ्हाटी ही उरलेल्यांतली मोठी वाट राहिली.

आता या पऱ्हाटीकडे दुसरीकडूनही पाहिले जात आहे. तिचे उष्णतामूल्य आपल्याकडील साध्या कोळशाच्या फार खाली नाही. ती यंत्रात बारीक करून, दाबून तिच्या कांड्या किंवा गोळ्या करता येतात. व्यापारी याला पांढरा कोळसा म्हणतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात अशा गोळ्या मिसळणे बंधनकारक केले. २०२३ मधील सुधारणेने हे प्रमाण २०२४-२५ साठी पाच टक्के आणि २०२५-२६ साठी सात टक्के ठरले. उद्देश स्तुत्य आहे: उत्तरेत भाताचे पेंढे शेतातच जाळले जातात आणि त्याच्या धुराने दिल्ली गुदमरते, तेच बॉयलरमध्ये जाळून कोळसा का वाचवू नये? आम्हांला हा विचार मान्य आहे. परंतु एका प्रदेशात जे खरोखर निरुपयोगी म्हणून जाळले जाते, ते दुसऱ्या प्रदेशात कोणाचे तरी सरपण असते, हे सर्व देशासाठी एकच टक्केवारी ठरविताना ध्यानात राहत नाही.

अंकगणित करून पाहू. अकोला जिल्ह्यातील पारसच्या वीजकेंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. ते पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज होईल. युनिटमागे सुमारे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाचा कोळसा सुमारे ८,००० टन. त्याचे पाच टक्के म्हणजे ४०० टन. हेक्टरी पऱ्हाटी दोन ते तीन टन निघते. दोन टन धरली तर एका दिवसासाठी २०० हेक्टर शेत लागेल. आणि पाच माणसांच्या चुलीला वर्षाला दीड-दोन टन जळण पुरते. तेव्हा एका केंद्राच्या एका दिवसाच्या पाच टक्क्यांत दोनशे घरांची वर्षभराची चूल बसते. हे सारे इंधन पऱ्हाटीचेच असेल असे नाही, केंद्रही रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही. हा हिशेब केवळ मापाची कल्पना यावी म्हणून. चूल आणि बॉयलर यांची भूक एका मापाची नाही, एवढे त्यावरून कळते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. तीच पऱ्हाटी चुलीत असताना तिला ‘पारंपरिक’, ‘अव्यापारी’, ‘अस्वच्छ’ इंधन म्हणतात. बॉयलरमध्ये गेली की ती ‘नवीकरणीय’, ‘आधुनिक’, ‘हरित’ होते. झाड तेच, जाळणे तेच. बॉयलरला उंच धुराडे आणि धूळ पकडणारी यंत्रे आहेत, हा फरक खरा आणि महत्त्वाचा आहे. पण नावातला सगळा फरक धुराड्याचा नाही. चुलीतील पऱ्हाटी देशाच्या मागासलेपणाच्या खात्यावर मांडली जाते आणि बॉयलरमधील पऱ्हाटी त्याच्या पुण्याच्या खात्यावर. युरोपातही हेच झाले आहे. तेथे नवीकरणीय म्हणून मोजल्या जाणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग जैव इंधनाचा आहे आणि इंग्लंडमधील एका प्रचंड वीजकेंद्रासाठी लाकडाच्या गोळ्या अटलांटिक ओलांडून येतात. एखाद्या वस्तूला नाव कोण देतो, यावर ती पुढे कोणाची होणार हे पुष्कळदा ठरते.

सगळ्या नावांत आम्हांला अधिक विचार करण्याजोगा वाटतो तो ‘अतिरिक्त’ हा शब्द. शासकीय अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैव पदार्थ उपलब्ध होतो आणि त्यांपैकी सुमारे २३ कोटी टन शेतीचे अवशेष अतिरिक्त आहेत. त्यांतून सुमारे २८,००० मेगावॉट वीज होऊ शकते. हा आकडा काढताना चारा, जळण, छप्पर यांसाठी लागणारा भाग वजा केलेला असतो. अंदाज करणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न शब्दाविषयी आहे. तक्त्यात ‘अतिरिक्त’ म्हणजे ज्यावर कोणाचाच हक्क नाही, म्हणून जे उचलायला मोकळे आहे ते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्ता आणि चोरी यांचा विचार करताना हाच शब्द अगदी उलट अर्थाने वापरला. एखाद्याजवळ गरजेहून अधिक जे आहे, ते नैसर्गिक न्यायाने गरिबांच्या निर्वाहासाठी देणे लागते, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे त्यांच्या लेखी अतिरिक्त म्हणजे मोकळे नव्हे. ज्यावर दुसऱ्याचा हक्क आधीच बसलेला आहे ते. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये अंजनगावची पऱ्हाटी उभी आहे.

हा हक्क कागदावर कोठे आहे, असे कोणी विचारील. मराठीत ‘सरवा’ हा शब्द आहे. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसे, ओंब्या वेचून नेणे म्हणजे सरवा वेचणे. ज्या भाषेत या कृतीला भीक किंवा चोरी न म्हणता स्वतंत्र नाव आहे, त्या समाजाने ती कृती रास्त मानलेली असते. जुन्या करारातील नियमशास्त्राने तर शेताच्या मालकाला बजावले की बांधाची कड साफ कापू नये आणि पडलेले वेचायला परत जाऊ नये. ते परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचते ती या आधारावर. तिला कृपेची गरज पडली ती आसरा मिळण्यासाठी. वेचण्याचा हक्क नियमाने तिला आधीच दिला होता.

पण असे हक्क कसे जातात, याचेही उदाहरण इतिहासात आहे. १७८८ साली इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातील एका शेतात सरवा वेचल्याबद्दल मेरी हॉटन या स्त्रीवर खटला झाला. तो ‘स्टील विरुद्ध हॉटन’ या नावाने प्रसिद्ध आहे. न्यायालयाने बहुमताने ठरविले की सरवा वेचण्याचा सार्वत्रिक हक्क कायद्याला ठाऊक नाही; मालकाने वेचू दिले तर ती त्याची मर्जी. त्यानंतरही इंग्लंडच्या खेड्यांत बायका पिढ्यान् पिढ्या सरवा वेचीत राहिल्या, पण आता मर्जीवर. अंजनगावला तर एवढा खटलाही होणार नाही. एखाद्या वर्षी शेतकरी म्हणेल, ‘यंदा पऱ्हाटीले गिऱ्हाईक हाय,’ आणि एक न लिहिलेला करार न मोडता संपून जाईल.

यात कोणी दुष्ट आहे असे नाही. प्रश्न कठीण होतो तो त्यामुळेच. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कहर केला. कृषी खाते आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांचा सल्ला तेव्हापासून स्पष्ट आहे: फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा आणि तिच्या गंज्या बांधावर किंवा घराजवळ रचून ठेवू नका, कारण सुप्त अळी तिच्यात राहते. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. मृदाशास्त्रज्ञ सांगतात की पऱ्हाटी यंत्राने बारीक करून जमिनीतच गाडावी, काळ्या मातीतील सेंद्रिय कर्ब घटतो आहे. तेही खरे. हवामानाची चिंता करणारे सांगतात की ती कोळशाऐवजी जाळावी. तेही खोटे नाही. श्रेडर लावला तर शेतकऱ्याचे शेत एका दिवसात मोकळे होते. त्याला का नको व्हावे? यांतील प्रत्येक कारण खरे आहे आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी तीच एक बाई चिमटा घेऊन रिकाम्या हाताने घरी जाते. तिची मजुरी गेली आणि जळणही गेले. तिच्या बाजूने बोलणारे शास्त्र मात्र त्या पंक्तीत कोठे दिसत नाही.

वस्तुतः तेही आहे. पण ते वेगळेच काही सांगते, आणि ते ऐकून घेणे आम्हां शहरवासीयांना भाग आहे. किर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो हे प्रत्यक्ष मोजले. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याचे धुराडे अशीच समजूत होती. त्याने ते स्वयंपाकघरात शोधून दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. तेव्हा पऱ्हाटी बाईकडेच राहू द्या, चूल ही आपली संस्कृती आहे, चुलीवरच्या भाकरीची चव न्यारी, असे गॅसवर चहा करून लिहिणे हा क्रूरपणा आहे. आम्ही तसे लिहिणार नाही. चूल विझावी हेच योग्य. प्रश्न एवढाच की आधी काय व्हावे: तिच्या घरी दुसरी ज्योत पेटावी की तिच्या हातची काडी जावी?

ही ज्योत पोचविण्याचा मोठा प्रयत्न झाला, हे मान्य केलेच पाहिजे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आठ कोटी जोडण्यांचे लक्ष्य सप्टेंबर २०१९ मध्ये पुरे झाले; आठ कोटीवी जोडणी आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेस दिली गेली. आज ही संख्या दहा कोटींच्या वर आहे. पण जोडणी म्हणजे गॅस नव्हे. या योजनेतील कुटुंबाने वर्षाकाठी सरासरी घेतलेली सिलिंडरे २०१९-२० मध्ये तीन होती; ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरामागे ३०० रुपये अनुदान मिळू लागले, तरी २०२३-२४ मध्ये ती चारांच्याही किंचित आतच राहिली. केवळ गॅसवर भागवणाऱ्या घराला सात-आठ तरी लागतात. उरलेले महिने काय जळते हे सांगायला नको. सुर्जीतील एका मावशींना आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सिलिंडर हाय ना भाऊ घरात. पाव्हने आले, पानी-पाऊस असला का पेटवतो. रोज रोज कसं परवडन?” २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘स्वच्छ इंधन’ वापरणारी ग्रामीण कुटुंबे ४३ टक्के भरली. अशा पाहणीत घराची गणना एकाच मुख्य इंधनाखाली होते. मावशींच्या घरचा सिलिंडर आणि गंजी ही दोन्ही इंधने त्या एका खान्यात मावत नाहीत.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे आणि ती आम्ही टाळू इच्छित नाही. पऱ्हाटी ज्याच्या शेतातली, तो शेतकरी तरी कोण आहे? अमरावती विभागातील कापूस उत्पादकाची दशा गेली पंचवीस वर्षे साऱ्या देशाने वाचली आहे. चार-पाच एकर कोरडवाहू जमीन, डोक्यावर कर्ज, कापसाचा भाव त्याच्या हाती नाही. आजवर ज्याला शून्य किंमत होती त्या पऱ्हाटीला जर टनामागे काही रुपये मिळत असतील, तर ते घेऊ नकोस असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? मोशेच्या नियमशास्त्राने मालकाला दिलेली आज्ञा आपण सहज उद्धृत करतो. पण बवाज सुखवस्तू होता. येथे दोन गरीब एका गंजीच्या दोन टोकांना उभे आहेत, आणि त्यांतील एकाला औदार्याचा उपदेश करणे फार सोपे आहे. आम्हांला वाटते, नैतिक भार त्या दोघांवर टाकताच येत नाही. तो तिसऱ्यावर आहे. ज्याला त्या पऱ्हाटीतून वीज मिळणार आहे आणि ‘हरित’ म्हणवून घेण्याचे समाधानही मिळणार आहे, त्याच्यावर. तो तिसरा म्हणजे कंपनीइतकेच आम्ही आणि आमचे वाचकही.

येथे वर्ध्याच्या मगनवाडीची आठवण येते. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याची धुरा जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांनी घेतली. तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, लंडन आणि न्यूयॉर्क येथे शिकलेला हा हिशेबतपासनीस विदर्भाच्या एका वाडीत राहून घाणी, हातकागद आणि चुली यांचा विचार करीत होता. तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी निसर्गातील संपत्तीचे दोन प्रकार केले: साठ्यातील, जी वापरली की संपते, आणि वाहती, जी पुन:पुन्हा येते. कोळसा आणि तेल पहिल्या प्रकारात, झाडे-पिके दुसऱ्या. आज ‘नवीकरणीय’ म्हणून जो भेद सांगतात तो त्यांनी इतक्या आधी मांडला. परंतु त्यांच्या विचारात आणखी एक पायरी होती आणि तीच पुढे सुटली. वाहते ते केवळ वाहते म्हणून चांगले ठरत नाही. ते कोणाच्या दारावरून कोणाच्या दाराकडे वाहते हेही पाहावे लागते. साठ्यावरून माणसे लढतात याची त्यांना चिंता होती. प्रवाह वळवूनही लढाई न करता एखाद्याला कोरडे ठेवता येते, हे आमच्या पिढीला दिसते आहे. हिशेबतपासनीस असल्यामुळेच बहुधा त्यांना ताळेबंदात न आलेल्या गोष्टी अधिक दिसत.

अशी एक गोष्ट राखेची. चुलीची राख वाया जात नाही. तिने भांडी घासतात, ती बियाण्यात मिसळतात, परसातल्या भाजीवर आणि उकिरड्यावर टाकतात. उकिरड्यातून ती शेतात परत जाते. पऱ्हाटीने जमिनीतून घेतलेले पालाशादी क्षार अशा रीतीने थोडेबहुत जमिनीला मिळतात. पारसच्या बॉयलरमध्ये ती राख कोळशाच्या राखेत मिसळून जाईल आणि अंजनगावच्या शेतात कधीच येणार नाही. म्हणजे बाईबरोबर मातीचाही एक हक्क आहे, आणि मातीही तक्ते भरत नाही.

तेव्हा करायचे काय? आम्ही अभियंते नाही. पण हक्कांचा क्रम लावणे हे काही अभियंत्याचेच काम नव्हे. पऱ्हाटीवर पहिला हक्क चुलीचा, दुसरा मातीचा, तिसरा बॉयलरचा, असे आमचे मत आहे. पहिला हक्क धुराच्या रूपानेच भागवावा असे मात्र नाही. जी संस्था पऱ्हाटी विकत घेईल तिने शेतकऱ्याला भाव द्यावा आणि जी घरे आजवर त्या शेतातून जळण नेत होती त्यांच्या वर्षाच्या सिलिंडरांचा उरलेला खर्च आपल्या इंधनाच्या किंमतीत धरावा. पऱ्हाटी गोळा करण्याचे आणि बारीक करण्याचे काम त्याच बायांच्या बचत गटांकडे द्यावे. यंत्र त्यांच्या हाती असले तर चिमटा सुटल्याचे दुःख त्यांना मुळीच होणार नाही. गोळ्या महाग पडतील, वीज काही पैशांनी महागेल. ते पैसे आम्ही भरावेत. स्वस्त आणि हरित दोन्ही हवे असेल, तर तो फरक कोणीतरी डोक्यावरून वाहत असतो.

यावर एक आक्षेप असा येतो की ही घरे कोणती, हे ठरविणार कसे? ज्या कराराला कागद नाही त्याचा पुरावा काय? आक्षेप योग्य आहे. पण फेब्रुवारीत गावाभोवती चक्कर मारली तर कोणत्या घरामागे कोणाच्या शेतातील गंजी आहे, हे वस्तीतले लहान पोरही सांगते. ग्रामसभेत एका दुपारी ही यादी होऊ शकते. मात्र ती गोळ्यांचा कारखाना उभा राहण्यापूर्वी झाली पाहिजे. नंतर विचारले तर घरामागे गंजी राहिलेली नसेल आणि हक्क सांगणारीला दाखविण्यासारखे काही उरलेले नसेल.